चिंधू मिस्त्रीची सावकाश गाडी

साकोलीला मोठ्या रस्त्यावर चिंधू मिस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय, तर चार सागाचे खांब, वर कवेलूंचं छप्पर आणि खाली तेल पिऊन पिऊन काळी पडलेली जमीन. पाटी नव्हती. पाटीची गरजही नव्हती, कारण रायपूरकडून येणारा ट्रक बिघडला की ड्रायव्हर पहिल्या पानठेल्यावर विचारायचा आणि पानठेलेवाला हात न उचलता, नुसत्या हनुवटीनं, चिंधूकडे बोट दाखवायचा. हनुवटीनं बोट कसं दाखवतात ते ज्यानं साकोली पाहिली त्याला सांगायला नको.

आईनं त्याचं नाव चिंधू ठेवलं, कारण आधीची दोन मुलं हाती लागली नव्हती. तिसरं देवाच्या नजरेत भरू नये म्हणून तिनं त्याला चिंधीचं नाव दिलं आणि पोरगा जगला. जगला तो असा, की पंचेचाळीस वर्षांत एकदाही अंथरुणावर पडला नाही आणि एकदाही गप्प बसला नाही. तीन वर्षांनी पाठीवर रुखमा झाली. तिच्या वेळेला आई पार्वताबाई निर्धास्त होती, म्हणून तिला नाव चांगलं मिळालं.

चौदाव्या वर्षी चिंधू गावातल्या, म्हणजे सानगडीच्या, बाबूलालशेठच्या धानाच्या गिरणीत लागला. तिथलं ऑइल इंजिन हेच त्याचं शाळा-कॉलेज. दोन मोठी चाकं फिरवणारं, धकधक करत सावकाश चालणारं ते काळं धूड. ते सकाळी हँडल मारून सुरू करायचं, दिवसभर त्याला पाणी पाजायचं, पट्टा सटकला तर चढवायचा, धान भरडणारा हलर अडकला तर मोकळा करायचा. दुपारी रुखमा त्याची शिदोरी घेऊन यायची आणि भाऊ जेवेपर्यंत कोंड्याच्या ढिगावर बसून यंत्राकडे बघत राहायची. पोरगी हुशार होती, पण ते त्या वेळी कुणी मोजलं नाही.

सन पासष्टमध्ये रुखमाचं लग्न झालं. घर चांगलं, जावई जागेश्वर स्वभावानं गाय, सासू सत्यभामाबाई तोंडानं फटकळ पण मनानं सरळ. खोट एकच. गाव डोंगरावर. आंबेटोला नावाच्या त्या गावाला जायला एक चढ होता, त्याला लोक बैलथांब म्हणत. भरली गाडी घेऊन बैल तिथं थांबायचे ते थांबायचेच. एका साली एका बैलाचा पाय मोडला, तेव्हापासून गावानं भरली गाडी त्या चढाला जुंपायची नाही असं ठरवून टाकलं होतं. वर गिरणी नाही, वीज नाही. घरात अकरा तोंडं, सासूला दमा, दुसरी बाई नाही. म्हणजे अकरा माणसांचं धान रोज उखळात घालून मुसळानं कांडायचं काम एकट्या रुखमाचं.

दिवाळीत, भाऊबीजेच्या आदल्या दिवशी, चिंधू बहिणीला न्यायला जायचा. चालत चढायचा, पाहुणचार घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी ओवाळून घेऊन एकटाच परत यायचा.

"दादा, मी आली तर कांडन कोन करन?" रुखमा दर वेळी म्हणायची. "आत्याईले चार मुसळ मारले का धाप लागते. तू जा. मायले सांग, मी बरी हाये म्हनून."

अठरा वर्षांत ती माहेरी आली पाच वेळा. बाप गेला तेव्हा तीन दिवस राहिली, बाकी चार वेळा एकेक रात्र. संध्याकाळी यायची, आणि उजाडताच निघायची. त्या एका रात्रीत पार्वताबाई तिला काय काय खाऊ घालायची आणि काय काय विचारायची, ते बघून चिंधूला गंमत वाटायची नाही, राग यायचा. कुणाचा ते त्याला सांगता आलं नसतं. जागेश्वरावर रागावण्यात अर्थ नव्हता, तो बिचारा स्वतःच मुसळ हातात घ्यायचा आणि शेजारच्या बायका हसायला लागल्या की ठेवून द्यायचा.

अठ्ठ्याहत्तर साली सानगडीच्या गिरणीला विजेची मोटर बसली आणि बाबूलालशेठनं जुनं इंजिन आणि जुना हलर भिंतीशी सारून ठेवला. तोवर चिंधूनं साकोलीत स्वतःचा धंदा टाकला होता. शेठ म्हणाला, "चिंधू, तुझं पोरगं आहे हे, तूच घेऊन जा." चिंधूनं इंजिनावर हात ठेवला आणि त्याच क्षणी त्याच्या डोक्यात आलं, की हे आंबेटोल्याला न्यायचं. डोंगरावर गिरणी सुरू झाली की रुखमा माहेरी येणार, पंधरा दिवस राहणार. एवढं सरळ गणित.

आता गणित सरळ, पण रस्ता उभा. पुढच्याच वर्षी रोजगार हमीच्या कामावर गावकऱ्यांनी त्या चढाची पायवाट रुंद केली, दगड काढले, पण डोंगर काही कापला नाही. इंजिनाचं धूड खांद्यावर न्यायचं म्हणून बारा गड्यांनी सागाच्या बल्ल्या लावून उचललं. दुसऱ्या वळणावर एकाचा पाय सटकला, धूड कलंडलं आणि जागेश्वराच्या पायाचा अंगठा कायमचा चपटा झाला. सत्यभामाबाईनं खाली येऊन सगळ्यांना शिव्या दिल्या.

"मानसाच्या खांद्यावर लोखंड चढवनार नाई," ती म्हणाली. "सुनेले सुख देऊन पोराले लंगडं करू का मी? गाडीनं आनता येत असन तर आना, नाई तर राहू द्या."

इंजिन उलटं सानगडीला आलं. आणि चिंधूच्या डोक्यात गाडी शिरली.

गाडी होती भय्याजी ठेकेदाराची. लष्कराच्या लिलावातून आलेली, ट्रकाची धाकटी बहीण शोभावी अशी जाडजूड वॅगन. भय्याजीनं तिला मागे सागवानी फळ्यांचं अंग बसवलं होतं, कारण आमच्या झाडीपट्टीतल्या माणसाच्या हाती लोखंड आलं तरी त्याला सागवान लावल्याशिवाय चैन पडत नाही. काही वर्षं वापरून ती त्यानं झाडाखाली उभी करून ठेवली होती. चिंधूनं वर्षभर त्याचे दोन ट्रक दुरुस्त केले आणि त्या बदल्यात वॅगन आणली. घरी धुरपतानं, त्याच्या बायकोनं, गाडीला हळद-कुंकू लावलं आणि म्हणाली, "सवत आली, तिले बसाले पाट देऊ का?" ती थट्टा पुढे तिला दोन वर्षं पुरली.

चिंधूचं ठरलं, की गाडीत ताकद कमी आहे, ती वाढवायची. त्यानं तिचं इंजिन उतरवलं. नागपूरला नेऊन सिलिंडर बोअर करून आणले, मोठे पिस्टन घातले. हेड घासून घेतलं, म्हणजे आत दाब वाढतो. कार्बोरेटरचं पेट्रोल जायचं भोक मोठं केलं. गॅरेजला सुट्टी असली तरी दर रविवारी सानगडीहून सायकलनं साकोलीला जायचा आणि अंधार पडायच्या आत तेलानं माखून परत यायचा. शेवटी सगळं बसवून त्यानं मोठ्या रस्त्यावर गाडी सोडली, तर वॅगननं भंडाऱ्याची एसटी मागे टाकली. एसटीतले प्रवासी खिडकीतून बघत राहिले. चिंधू इतका खूश झाला की त्यानं त्या दिवशी पानठेल्यावर बारा लोकांना पान खाऊ घातलं. एसटीला मागे टाकण्याचा आणि डोंगर चढण्याचा काय संबंध, हे विचारायला तिथं कुणी नव्हतं, आणि असतं तरी त्या दिवशी चिंधूनं ऐकलं नसतं.

एक्क्याऐंशीच्या मे महिन्यात पहिली चढाई झाली. मागे फक्त हलर ठेवला होता, इंजिनाचं धूड अजून सानगडीलाच. चिंधूनं खालून वेग घेतला, गाडी गर्जत पहिलं वळण चढली, दुसऱ्यावर तिचा आवाज बसत गेला आणि ती मेली. पुन्हा सुरू केली, पुन्हा मेली. क्लच जळल्याचा वास सुटला, रेडिएटर उकळला. वरून बायकांनी डोक्यावर घागरी आणून गाडीला पाणी पाजलं. रुखमाही एक घागर घेऊन आली होती. घागर रिकामी करताना तिनं गाडीच्या चाकाकडे फार वेळ पाहिलं.

पावसाळा गेला. चिंधूनं पुन्हा हेड खोललं, आणखी दाब वाढवला. पुढच्या मार्चमध्ये दुसरी चढाई. या वेळी गावकऱ्यांनी शहाणपण केलं. चिखलात गाडी रुतली तर चाकाखाली तणस, म्हणजे भाताचा पेंढा, घालतात, हे धानाच्या बांधीत राबणाऱ्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. आंबेटोल्याच्या लोकांनी रातोरात अख्ख्या चढावर भाताचं तणस अंथरून ठेवलं, चांगलं ढोपरभर. मोठ्या प्रेमानं अंथरलं होतं. पण तो होता कोरडा दगड. तणसावर चाकं जागच्या जागी भिरभिरली, गाडी मागं घसरली, आणि तापलेल्या धुराच्या नळीला तणस लागून पेटलं. पळापळ झाली. गाडी वाचली, पण चिंधूच्या भिवया गेल्या. पुढचे दोन महिने साकोलीत त्याला पाहून ओळखीचे ड्रायव्हर तोंड फिरवून हसायचे, आणि त्याला राग येण्याऐवजी आरशात स्वतःलाच हसू यायचं. असा माणूस. मात्र घरी आल्यावर पार्वताबाई विचारायची, "का झालं रे?" तेव्हा त्याला हसू येत नसे.

ब्याऐंशीच्या भाऊबीजेला तो नेहमीसारखा चालत वर गेला. अंगणात रुखमा कांडत होती. मुसळ वर जाताना तिचा उजवा खांदा थोडा अडायचा आणि मग झटक्यानं वर व्हायचा. हे मागच्या वर्षी नव्हतं. चिंधू ओट्यावर बसला आणि बोलता बोलता गाडीची कहाणी सांगू लागला. आता आणखी मोठे पिस्टन मिळतात का बघतो, नागपूरच्या एकानं सांगितलं आहे, वगैरे वगैरे.

रुखमानं मुसळ थांबवलं.

"दादा, बाबूलालशेठच्या मिलात जाडं धान आलं का हलर अडकत होता. सपाट बंद पडत होता. तवा तू का करत होता?"

"का करनार? इंजिनाची पुली बदलवत होतो. मोठी काढून लहान लावाची."

"लहान लावली का हलर जोरात फिरे?"

"जोरात कशाले फिरन? हळू फिरे. पर अडकत नव्हता. हळू फिरला का वढ वाढते ना..."

तो मध्येच थांबला. रुखमा त्याच्याकडे बघत होती. तिनं पदरानं कपाळ पुसलं.

"मंग गाडीले कायले धावाले लावून राहिला तू? वर आमच्या टोल्यावर कोन पयते? हळूच येऊ दे ना तिले."

चिंधूनं कपाळावर हात मारला. चांगला जोरात मारला, घरातून सत्यभामाबाई विचारायला आली, काय फुटलं म्हणून. अठरा वर्षं त्यानं त्या गिरणीत पुल्या बदलल्या होत्या. झोपेत बदलता आल्या असत्या. आणि गाडीच्या बाबतीत अडीच वर्षं तो इंजिनाला जास्त खाऊ घालत बसला होता, जसं काही ते उपाशी होतं. इंजिनात ताकद भरपूर होती. ती चाकाला पोचत होती ती धावण्याच्या मापानं, ओढण्याच्या नव्हे.

गाडीच्या मागच्या आसात दोन दातेरी चक्रं असतात, एक लहान, एक मोठं. मिस्त्री त्यांना क्राऊन-पिनियन म्हणतात. लहान चक्र मोठ्याला फिरवतं आणि मोठं चाकांना. भय्याजी ठेकेदाराला नागपूरला लवकर पोचायची घाई, म्हणून त्यानं पूर्वी कधीतरी पळणारी जोडी बसवून घेतली होती. चिंधूनं ती पाहिलीही होती, पुसून, ग्रीस लावून पुन्हा बसवलीही होती. पण डोक्यात एसटी मागे टाकायची असल्यावर डोळ्यांना काय दिसणार.

तो कामठीच्या भंगार बाजारात चार वेळा गेला. चौथ्या वेळी एका मोडक्या लष्करी गाडीच्या पोटातून त्याला हवी ती जोडी निघाली. लहान चक्र आणखी लहान, मोठं आणखी मोठं. म्हणजे मिलच्या भाषेत लहान पुली. चाकंही त्यानं बुटकी लावली. कार्बोरेटरचं भोक पुन्हा होतं तेवढं केलं. सगळं झाल्यावर मोठ्या रस्त्यावर गाडी काढली, तर गाडी बोंबलायला लागली आणि सायकलवरचा पोस्टमन तिच्या पुढे निघून गेला. पानठेल्यावर हशा पिकला. "मिस्त्री, हे का केलं जी? गाडी होती तिची बैलबंडी केली?" चिंधू म्हणाला, "बंडीच पायजे होती." त्या दिवशी त्यानं स्वतःच्या एकट्यासाठी पान घेतलं.

त्र्याऐंशीचा फेब्रुवारी. धान घरात आलेलं, रस्ता कोरडा, तणसाचं नाव कुणी काढलं नाही. पहिल्या खेपेला हलर आणि इंजिनाचं एक चाक. चिंधूनं खालून वेग घेतलाच नाही. पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि सोडून दिली. गाडी गुरगुरत निघाली. पहिलं वळण. तिच्या शेजारून माणसं चालत होती आणि चालता चालता बिडी पेटवून घेत होती. सत्यभामाबाई चढाच्या पायथ्यापासून सोबत होती. दुसरं वळण आलं. आवाज थोडा बसला. बसला, पण मेला नाही. जुन्या गिरणीत जाडं धान पडलं की इंजिन जसं एक हुंदका देऊन पुन्हा धकधक करू लागायचं, तसंच झालं आणि गाडी वर निघाली.

दम्याची म्हातारी दोनदा बसली, दोनदा उठली, तरी गाडीच्या आधी वर पोचली. वर पोचून कमरेवर हात ठेवून म्हणाली, "चिंधूभाऊ, येवढ्या वेळात मी सैपाक केला असता. पर आली बापा, आली!"

चिंधूनं गाडी बंद केली. तो स्टिअरिंगला धरून बसून राहिला. त्याच्या आयुष्यात त्याला इतका आनंद फार थोड्या वेळा झाला होता, आणि तो लपवायची त्याला मुळीच गरज वाटली नाही. भर गावात डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी दुसरं चाक आणि पट्टा आला, तिसऱ्या दिवशी इंजिनाचं धूड. जागेश्वर चपट्या अंगठ्यानं गाडीपुढे चालत रस्त्यातले खडे बाजूला करत होता. इंजिन बसवायचा पाया आधीच बांधून ठेवला होता. चिंधूनं पाच दिवस तिथंच मुक्काम करून सगळं बसवलं, जागेश्वराला हँडल मारायला शिकवलं, पट्टा कसा चढवायचा ते दाखवलं, आणि कुठली पुली कशासाठी हे दोनदा समजावलं. मंगळवारी सकाळी जागेश्वरानंच इंजिन सुरू केलं. डोंगरावर पहिल्यांदा तो धकधक आवाज घुमला. कुत्री भुंकली, पोरं कान दाबून हसली, आणि हलरच्या तोंडातून पांढरा तांदूळ पडू लागला. बायकांनी ओंजळी पुढे केल्या. गरम तांदूळ हातात घेऊन त्या तो नुसता बघत राहिल्या. आठवड्याचं कांडण तासाभरात सुपात आलं होतं.

चिंधूनं रुखमाला हाक मारली. ती गर्दीत नव्हती. घरात नव्हती. उखळापाशीही नव्हती. जागेश्वर इंजिन सोडून जाऊ शकत नव्हता, म्हणून चिंधूच शोधत निघाला आणि गाडीपाशी आला.

रुखमा पुढच्या सीटवर बसली होती. नवं लुगडं नेसलेली, डोक्याला तेल लावलेलं, मांडीवर गाठोडं.

"चाल ना दादा," ती म्हणाली. "का पाहून राहिला?"

"आताच? अगं, जवाईले तरी सांगू दे."

"त्याहीनं रातीच सांगतलं. जा म्हनाले."

तेवढ्यात सत्यभामाबाई हातात फडकं घेऊन धापा टाकत आली. फडक्यात हलरमधून निघालेले पहिले तांदूळ होते. ते तिनं सुनेच्या गाठोड्यावर ठेवले. "विहीनबाईले दे माह्याकडून," ती म्हणाली आणि चिंधूकडे वळली. "पंधरा दिसाच्या आत आनून सोडजो नको इले. आनली तर तुही गाडी ढकलून देईन मी इथून खाली." तिचं हे बोलणं खरं होतं की थट्टा, हे चिंधूला कळलं नाही, आणि कळून घ्यायचा त्यानं प्रयत्नही केला नाही.

उतरतानाही गाडी सावकाशच उतरली. ब्रेकवर पाय ठेवावा लागला नाही, इंजिननंच तिला धरून ठेवलं. रुखमा खिडकीतून बाहेर बघत होती. अठरा वर्षांत हा चढ तिनं गाडीत बसून कधी पाहिला नव्हता. खाली आल्यावर मोठ्या रस्त्याला एक एसटी त्यांना मागे टाकून निघून गेली, मग एक ट्रक, मग एक लूनावाला. चिंधूनं कुणाकडे मान वळवून पाहिलं नाही.

सानगडीला पोचेपर्यंत दिवस कलला होता. गाडीचा आवाज ऐकून पार्वताबाई दारात आली आणि लेकीला बघून तशीच आत पळाली. सण ना वार, लेक घरी. तिनं चुलीत लाकडं सारली, कढई काढली, धुरपताला एकीकडे चण्याची डाळ काढायला सांगितली आणि दुसरीकडे गूळ फोडायला. शेजारच्या ललिताबाईला वेलदोडे मागायला हाक मारली. रुखमा पाय धुऊन आत येईपर्यंत म्हातारीची पाठ घामानं ओली झाली होती. एका रात्रीत काय काय करायचं याची तिला जुनी सवय होती. पाठमोरी राहूनच तिनं विचारलं,

"सकाडी कवा निंगतेस वं बाई?"

"नाई निंगत, माय."

पार्वताबाईचा हात थांबला. ती वळली. तिनं लेकीकडे पाहिलं, दारात उभ्या असलेल्या चिंधूकडे पाहिलं, पुन्हा लेकीकडे पाहिलं. मग तिनं कढई चुलीवरून उतरवून खाली ठेवली आणि लेकीजवळ येऊन भुईवर बसली.

"मंग पुरन उद्या घालू," ती म्हणाली.